आजीच्या ट्रंकेतला हस्तिदंती पंखा: कोकणच्या हवेत तो कसा ओळखायचा आणि कसा सांभाळायचा

मे महिन्यात गावच्या घरी सगळे जमलेले असतात, आंबे संपत आलेले, पावसाआधीची आवराआवर चालू, आणि कुणीतरी म्हणतं आजीची ट्रंक काढूया एकदा. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी त्या ट्रंकेच्या तळाला दोन नऊवारींच्या मधे एक काळा लांबट डबा निघाला, वर सोनेरी चित्रं, आत पिवळं पडलेलं रेशमी अस्तर आणि त्यात हा पंखा. हत्तीच्या दाताच्या एकवीस काड्या, लेससारखं जाळीचं कोरीवकाम, मधे ढालीच्या आकाराची एक रिकामी जागा आणि वरच्या टोकांना बारीक रंगवलेली फुलं. पणजोबा मुंबईत एका पारशी शेटकडे कारकून होते, त्यांना मुलीच्या लग्नात तो मिळाला असं आजी सांगायची. एवढीच माहिती. पुढचं सगळं मी चुका करत, विचारत, वाचत शिकले, आणि किनारपट्टीवर अजून कितीतरी घरांत असे डबे पडून असणार म्हणून हे सविस्तर लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं. आपल्याकडे लोकांना वाटतं की पंखा पावसाळ्याने खराब होतो. नुसत्या पावसाळ्याने नाही होत, तो अचानक बदलाने होतो. हस्तिदंत हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो, ओलावा घेतला की किंचित फुगतो, सोडला की आकसतो, आणि दाताच्या उभ्या दिशेला आणि आडव्या दिशेला हे आकसणं सारखं नसतं. त्यात पंख्याची काडी एक मिलिमीटरपेक्षाही पातळ, वर जाळी कोरून अजून नाजूक केलेली. ती हळूहळू बदलली तर सहन करते, एका रात्रीत बदलली तर वाकते किंवा चिरते.

पण आधी ओळख पटवा, कारण प्रत्येक पांढरा पंखा हस्तिदंती नसतो आणि प्रत्येकाची काळजी वेगळी. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ पण थेट उन्हात नाही, दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या (घड्याळजीकडे असतं तसं, ऑनलाइन स्वस्तात मिळतं) आणि कडेच्या दोन जाड काड्या बघा. हस्तिदंतात उभ्या दिशेला बारीक, किंचित लहरी रेघा दिसतात, कुठे दाट कुठे विरळ, लाकडाच्या रेषांसारख्या पण खूप मऊ. जाड काडीच्या टोकाशी जिथे दात आडवा कापला गेलाय तिथे नशीब असेल तर एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी दिसते, शंकरपाळ्यांसारखी. ही जाळी हत्ती आणि मॅमथ (नामशेष झालेला केसाळ हत्ती) यांच्या दातातच मिळते, आणि हत्तीच्या दातात बाहेरच्या बाजूच्या रेघांमधला कोन मोठा, साधारण ११५ अंशांच्या वर, मॅमथमध्ये लहान, ९०च्या आत. हाडाच्या काडीत मात्र काळपट बारीक ठिपके किंवा तुटक रेषा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या, आणि पृष्ठभाग जरा कोरडा, खडबडीत लागतो.

सेल्युलॉइडमध्येही, म्हणजे सुरुवातीच्या काळातल्या प्लास्टिकमध्येही, रेघा असतात आणि तिथेच फसायला होतं. पण त्या रेघा अगदी समांतर आणि एकसारख्या असतात, जणू पट्टीने मारल्यात. सेल्युलॉइड १८७०च्या सुमारास बाजारात आलं आणि हस्तिदंताची नक्कल म्हणून त्याच्या कंगव्यांपासून पंख्यांपर्यंत सगळं झालं. अशा पंख्याला हातात थोडं गरम झाल्यावर कापरासारखा वास येतो. तुमचा पंखा सेल्युलॉइडचा निघाला तर टाकून देऊ नका, तोही जुनाच आहे, पण त्याला बंद डब्यात कोंडू नका. ते कुजताना आम्लाच्या वाफा सोडतं आणि शेजारच्या वस्तूही खातं, शिवाय पटकन पेटतं, म्हणून देवघर, गॅस, समई यांच्यापासून लांब ठेवा. आणि कृपा करून ती गरम सुईची टेस्ट करू नका. यूट्यूबवर दाखवतात, जुने सोनारही सांगतात. सेल्युलॉइड असेल तर भडका उडेल आणि हस्तिदंत असेल तर कायमचा काळा डाग पडेल, दोन्हीकडून नुकसान तुमचंच. त्यापेक्षा अंधारात यूव्ही टॉर्च मारून बघा. हस्तिदंत आणि हाड निळसर पांढरे चमकतात, प्लास्टिक बहुतेक वेळा मंद, पिवळट किंवा वेगळ्याच रंगाचं दिसतं. ही टेस्ट एकटी पुरत नाही, भिंगासोबत धरायची.

मग पंख्याची जात. ज्यात कापड किंवा कागद नाही, नुसत्या काड्याच आणि वरून एक रिबीन ओवलेली, ते पूर्ण काड्यांचे पंखे. दुसरे पानाचे, म्हणजे खाली काड्या आणि वर घडीचा कागद, रेशीम किंवा कातडं. जुन्या चिनी पंख्यांत कँटनचं, म्हणजे आजच्या ग्वांगझूचं कोरीवकाम ओळखायला सोपं आहे. सगळी पार्श्वभूमी अतिशय बारीक उभ्या रेघांची, करवतीने कापलेल्या केसाएवढ्या पट्ट्यांची, आणि त्यावर उठून दिसणारी माणसं, पूल, मंडप, झाडं, पक्षी. मधे ढालीसारखी जागा रिकामी सोडलेली असायची, गिऱ्हाइकाने आपल्या नावाची अक्षरं कोरून घ्यावीत म्हणून. आमच्या पंख्यात ती कोरीच राहिलीये आणि मला ते बघून नेहमी वाटतं की मूळ ज्या बाईसाठी घेतला तिच्यापर्यंत तो पोचलाच नसेल का.

रंगवलेले पंखे अजून वेगळे. १७००च्या आसपास चीनमधून पूर्ण काड्यांचे जे रंगीत पंखे युरोपात गेले त्यांच्यावर लाल, निळा आणि सोनेरी असा जपानी इमारी भांड्यांसारखा रंगमेळ असतो. त्याच काळात युरोपातही हस्तिदंती काड्यांवर पुराणकथांची चित्रं रंगवून वर वार्निश द्यायचे, त्यांना व्हर्नी मार्तां म्हणतात, पॅरिसच्या मार्तां भावांच्या वार्निशवरून पडलेलं नाव, पण ते नाव आज लोक सरसकट वापरतात म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका. आणि १८३०नंतर कँटनहून आले ते हजार चेहऱ्यांचे पंखे. पानावर गर्दीच गर्दी रंगवलेली, प्रत्येक माणसाचा चेहरा हस्तिदंताची नखाएवढी चकती चिकटवून त्यावर डोळे-भुवया काढलेल्या आणि अंगावरचे कपडे खऱ्या रेशमाचे तुकडे. यात काड्या चंदनाच्या किंवा लाखेच्या असल्या तरी चेहरे हस्तिदंतीच असू शकतात हे लक्षात ठेवा, कायद्याच्या दृष्टीनेही. खालच्या खिळ्याला धातूची कडी असेल तर पंखा साधारण १८३०नंतरचा धरायला हरकत नाही, त्याआधी कडी फारशी दिसत नाही. पण कडी मागाहूनही बसवता येते, तेव्हा एकाच खुणेवर वय ठरवू नका.

हे पंखे आपल्या किनाऱ्यावर आले कसे हा प्रश्न मला फार दिवस पडला होता. १७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्य व्यापाऱ्यांसाठी चीनमध्ये कँटन हेच एक बंदर उघडं होतं, आणि मुंबईहून तिकडे कापूस आणि अफू जायची, त्यात पारशी व्यापारी मोठे होते. जमशेटजी जीजीभॉय स्वतः तरुणपणी कँटनच्या सफरी करून आलेले. परतीच्या गलबतांत चहा, रेशीम, चिनी माती, पारशी बायकांच्या गारा साड्यांचं भरतकाम, लाखेचे डबे आणि पंखे. आणि त्याच काळात पूर्व आफ्रिकेचा हस्तिदंत झांझिबारहून मुंबईला उतरायचा आणि इथून पुढे लंडनला, चीनला जायचा. म्हणजे ट्रंकेतल्या पंख्याचा दात कदाचित एकदा कच्चा आणि एकदा कोरून असा दोनदा आपल्या समुद्रावरून गेला असेल. त्या जहाजांवर रत्नागिरीचे, मालवणचे खलाशी असायचेच.

आता कायद्याचं, आणि हे नीट वाचा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हत्ती १९७७पासून पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. १९८६च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१च्या दुरुस्तीने आफ्रिकन हस्तिदंताचाही. जुना आहे, शंभर वर्षांचा आहे, आजीचा आहे, यातलं काहीही विक्रीला परवानगी देत नाही. विकायचा नाही, विकत घ्यायचा नाही, ओएलएक्स-फेसबुकवर किंमत विचारायला फोटोही टाकायचा नाही, कारण विकायला काढणं हाच गुन्हा धरला जाऊ शकतो. जुन्या बाजारात कुणी हाड आहे म्हणून देत असेल आणि भिंगाखाली शंकरपाळी दिसली तर तिथूनच मागे फिरा. परदेशातल्या मुलीला पाठवायचा विचारही नको, वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात हस्तिदंत अडकलेलाच आहे आणि शिवाय शंभर वर्षांपुढची कलावस्तू म्हणून पुरावशेष कायदा वेगळा लागू होतो, त्याखाली खासगी माणसाला अशी वस्तू बाहेर नेता येत नाही.

घरात ठेवायचं तर मालकीचं प्रमाणपत्र लागतं. २००३ साली सरकारने १८० दिवसांची मुदत दिली होती, तेव्हा अनेकांनी घरातल्या शिंगांची, कातड्यांची, दातांची नोंद केली, तर आधी जुन्या कागदांत तसा काही दाखला आहे का ते शोधा, आमच्या काकांनी केलेला अर्ज चक्क सातबाऱ्याच्या फायलीत मिळाला. त्यानंतर अशी वस्तू फक्त वारशानेच मिळू शकते आणि वारशाने मिळाल्यावर ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकाकडे ते जाहीर करायचं असतं. त्यांचं मुख्य ऑफिस नागपूरला, पण आपल्याला तिथवर धावायची गरज नाही, सिंधुदुर्गात सावंतवाडीच्या आणि रत्नागिरीत चिपळूणच्या वनविभाग कार्यालयात चौकशी करा. जुना कागद काहीच नसेल, मुदत टळून गेली असेल तर आधी या विषयातला वकील गाठा आणि त्याच्यासोबत जा, घाबरून लपवून ठेवू नका किंवा रातोरात कुणाला देऊन टाकू नका. आणि ज्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे पण पंखा नकोच आहे त्यांच्यासाठी २०२२च्या दुरुस्तीने सोय केलीये, नोटीस देऊन तो वनखात्याकडे जमा करता येतो. मोबदला मिळत नाही.

मला हा कायदा मनापासून पटतो. आपल्याच दोडामार्गात २००२पासून कर्नाटकातून आलेले हत्ती वावरतायत, त्यांनी माड-केळी झोपवल्या की माणसं चिडतात, आणि ते चिडणं खरंय, पण तोच जिवंत प्राणी एकदा तिलारीच्या बाजूला लांबून बघितला आणि मग घरी येऊन हा पंखा हातात घेतला तेव्हा मला बराच वेळ तो उघडवेना. जपायचा तो याचसाठी, की जे गेलंय ते निदान वाया जाऊ नये आणि नवं कुणी मागू नये.

आता सांभाळणं. जुलैत आपल्या किनाऱ्यावर हवेतला दमटपणा ८५-९० टक्क्यांवर असतो, डिसेंबर-फेब्रुवारीत दुपारी तो ५०-६०च्या आसपास उतरतो. म्युझियमवाले हस्तिदंताला ४५ ते ५५ टक्के स्थिर हवा देतात. आपल्याला जांभ्याच्या घरात ते जमणार नाही, पण स्थिर हा शब्द जमवता येतो. माझी पद्धत अशी. जाड प्लास्टिकचा, झाकणाला रबरी गास्केट आणि चारी बाजूंनी क्लिपा असलेला डबा घ्यायचा, डब्याच्या तळाला त्रिकोणात ५ आणि पीपी लिहिलेलं असेल असाच, आणि पंख्यापेक्षा बराच मोठा. एक छोटा डिजिटल ह्युमिडिटी मीटर घ्यायचा. जुनं, अनेकदा धुतलेलं, खळ नसलेलं मलमल भरपूर घ्यायचं, आणि मिळाला तर आम्लमुक्त टिश्यू पेपर. फेब्रुवारीत, हवा कोरडी असते तेव्हा, डबा उघडा, कापडं उलगडलेली आणि पंखा शेजारी झाकलेला असं सगळं एकाच सावलीच्या खोलीत आठ-दहा दिवस राहू द्यायचं. मीटर ५० ते ६०मध्ये स्थिर दिसला की पंखा मिटून टिश्यूत, मग मलमलीत गुंडाळायचा, डबा कापडाने गच्च भरायचा म्हणजे आत मोकळी हवा कमी राहते, मीटर झाकणातून दिसेल असा ठेवायचा आणि क्लिपा लावायच्या.

ते कापडच खरं काम करतं. थोडा ओलावा आत शिरला तरी आधी कापड तो पितं, पंख्यापर्यंत तो हळूहळू पोचतो. मिरग लागायच्या आधी एकदा आकडा बघायचा, मग आठवड्यातून एकदा बाहेरूनच. आकडा सावकाश वर सरकत जातो, त्याला घाबरायचं नाही. ६५च्या पुढे जायला लागला तरच काहीतरी करायचं, कारण ७०च्या वर बरेच दिवस राहिलं की बुरशी येते.

आणि इथेच सिलिका जेलची गोष्ट सांगायला हवी. पहिल्या वर्षी ऑगस्टमध्ये चुलतभाऊ गणपतीला मुंबईहून आला होता, त्याने प्रेमाने कॅमेऱ्याच्या बॅगेतल्या सिलिका जेलच्या सात-आठ पुड्या पंख्याच्या डब्यात टाकल्या आणि झाकण लावलं. मला सांगितलंही नाही, चांगलंच करतोय असं त्याला वाटलं. पंखा तोपर्यंत उघड्या कपाटात होता, म्हणजे ओलावा पिऊन फुगलेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडला तर कडेच्या जाड काडीवर खिळ्यापासून वर दोन बोटं लांब चीर, आणि आतल्या दोन काड्या धनुष्यासारख्या वाकलेल्या. वाकलेल्या पुढच्या काही महिन्यांत बऱ्याचशा सरळ झाल्या, चीर तशीच आहे. तेव्हा सिलिका जेल वापरायचंच झालं तर रंग बदलणारं घ्या, एकच छोटी पुडी कापडात गुंडाळून डब्याच्या कोपऱ्यात, पंख्यापासून लांब ठेवा, आणि दिवसाला दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त आकडा उतरत असेल तर ती लगेच काढा.

डबा ठेवायचा कुठे? बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, जांभा पाणी पितो आणि भिंत सप्टेंबरपर्यंत गार ओली असते. माळ्यावर तर अजिबात नको, एप्रिलमध्ये कौलांखाली भट्टी आणि जूनमध्ये गळती. माजघरातलं, आतल्या भिंतीचं, जमिनीपासून दोन-तीन फूट वरचं कपाट उत्तम. एसीची खोली ऐकायला चांगली वाटते पण आपल्याकडे वीज जाते-येते, एसी रात्री चालू दिवसा बंद, म्हणजे रोज दोन झटके. हाच प्रकार घाट चढताना होतो. एप्रिल-मे महिन्यात वेंगुर्ल्यातून उघडा पंखा घेऊन पुण्याला गेलात तर तिथली दुपारची हवा इतकी कोरडी असते की दोन दिवसांत चीर पडू शकते. न्यायचाच असेल तर बंद डब्यात न्या, तिथे पोचल्यावर डबा आठवडाभर उघडू नका, नंतरही थोडा थोडा उघडा. राज्याबाहेर न्यायच्या आधी वनखात्याला विचारून घ्या.

मूळचा लाखेचा डबा टाकू नका, तो पंख्याचाच भाग आहे, पण तो वेगळा ठेवा. त्याच्या जुन्या अस्तरात बऱ्याचदा कसर असते आणि तिला खळ, कागद, रेशीम सगळं आवडतं. वाळवी आणि झुरळांनाही. त्यासाठी डांबराच्या गोळ्या टाकायची सवय आपल्याला आहे, पण त्यांच्या वाफा रंग-वार्निशला चांगल्या नाहीत. गास्केटचा डबा नीट बंद असेल तर किडे आत शिरतच नाहीत. कडुलिंबाचा पाला, लवंगा, कापूर यातलं काही आत घालायची गरज नाही, पानांचे डाग पडतात. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, रबरबँड लावू नका.

पंखा उघडण्याची एक रीत आहे. सिनेमात दाखवतात तसा मनगटाच्या झटक्याने उघडायचा नाही, कधीच. टेबलावर स्वच्छ मऊ टॉवेल पसरा, पंखा त्यावर आडवा ठेवा, एका हाताने खालचा खिळा हलकेच दाबून धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने एकेक काडी सरकवा, साधारणपणे डावीकडून उजवीकडे. कुठे अडलं तर थांबा. बहुतेक वेळा रिबीन अडकलेली असते, आणि शंभर-दीडशे वर्षांचं रेशीम ओढलं की भुगा होतो. जेवढा सहज उघडेल तेवढाच उघडायचा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे, अंगठ्या-बांगड्या काढून. हळदीचा हात, तेलाचा हात, मासे साफ केलेला हात तर सोडाच, क्रीम लावलेला हातही नको. सुती हातमोजे जाळीत अडकून काडी मोडतात, घालायचेच तर डॉक्टर घालतात तसे पातळ नायट्राइलचे.

पुसायला पाणी नाही. हे मी ठळक सांगतेय कारण मी स्वतः पहिल्याच दिवशी ओला रुमाल फिरवला होता आणि एका काडीवरच्या फुलाचा लाल रंग रुमालावर आला, पाकळ्यांच्या जागी आता फिकट ओघळ आहे. हे रंग हस्तिदंतात मुरलेले नसतात, वर बसलेले असतात. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफाचे, म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते ओल्या हाताने खेळत नाहीत, तसंच समजा. नवा, मऊ, गोल वॉटरकलर ब्रश घ्या, काडीच्या मागे बोटाचा आधार द्या आणि धूळ नुसती झटका, रंग सुटे होऊन पापुद्रे निघत असतील तर ब्रशही लावू नका. पिवळेपणा घालवायला लिंबू, दही, टूथपेस्ट, सोडा यातलं काही नको, आणि काड्या चमकाव्यात म्हणून खोबरेल तेल तर मुळीच नको, ते आत शिरतं आणि डागासारखं कायमचं राहतं. अंधारात राहिला की हस्तिदंत पिवळा होतोच, तो त्याचा वयाचा रंग आहे, राहू द्या. खिळ्यावर हिरवं आलं असेल, समुद्राच्या खाऱ्या हवेत ते येतंच, तर कोरड्या ब्रशने सुटेल तेवढं काढा, चिंच किंवा भांडी घासायची पावडर लावू नका, तिचं पाणी थेट काडीत जातं.

बुरशी दिसली, म्हणजे पांढरी लोकर किंवा राखाडी ठिपके, तर आपला पहिला विचार असतो ऊन दाखवायचा. गाद्या, शालू, पापड, सगळ्याला आपण ऊन दाखवतो. आजी मात्र तेव्हाच म्हणायची, "अगो, त्येका उन्हात ठेवू नको, फुटात." तिने कुठे वाचलेलं नव्हतं, तिच्या आईने हस्तिदंती फणी अशीच घालवलेली. तर ऊन नाही, हेअर ड्रायर नाही, दिव्याखाली नाही. सावलीतल्या, वारा खेळणाऱ्या खोलीत दोन-तीन दिवस झाकून ठेवा, बुरशी वाळून सैल झाली की तोंडाला मास्क लावून घराबाहेर पडवीत ब्रशने झटका, ब्रश नंतर टाकून द्या, डब्यातली कापडं उकळून वाळवा.

मांडायचा मोह होतो ते कळतं मला. पण गणपतीच्या मखरात नको, भाद्रपदातली हवा दमट आणि समई-अगरबत्तीचा धूर जाळीत बसतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्या वहिनीने एकदा आराशीत मांडूया म्हटलं, तेव्हा आम्ही ओल्या हरभऱ्यांपासून आणि कैरीच्या पन्ह्यापासून लांब, काचेच्या कपाटात, दोन तास मांडला आणि परत ठेवला. चैत्रात हवा तेवढी वाईट नसते, हरकत नाही. बायकांना वाळ्याचा पंखा वारा घ्यायला आणि हा बघायला, असं ठरवलं. कायमचा फ्रेम करून भिंतीवर लावू नका, उजेडाने रंग आणि रेशीम दोन्ही उडतात.

रिबीन तुटली आणि काड्या सुट्या झाल्या तर घाबरू नका, क्रम जपा. टेबलावर त्या ज्या क्रमाने पडल्यात तशाच ओळीने ठेवून फोटो काढा, प्रत्येकीला कागदाच्या वेगळ्या घडीत ठेवून घडीवर पेन्सिलीने नंबर घाला, काडीवर काही लिहू नका. काडी मोडली तर तुकडे वेचून ठेवा, अगदी तांदळाएवढाही. फेविक्विक, फेविकॉल, अराल्डाइट काहीही लावायचं नाही, एकदा लावलं की नीट दुरुस्ती करणाऱ्याचं काम दुप्पट होतं. आमच्या ओळखीच्या एका घरात शहरातल्या एका दुकानदाराने असाच पंखा चिकटवून दिला, आता तो उघडतही नाही आणि मिटतही नाही. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला संवर्धन केंद्र आहे, वारसा जपणाऱ्या इन्टॅक या संस्थेचीही संवर्धन केंद्रं आहेत, तिथे आधी फोटो पाठवून विचारा आणि मालकीचा कागद सोबत असू द्या. मुंबईला गेलातच तर भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयातलं जुनं हस्तिदंती काम बघून या, चांगलं कोरीवकाम कसं दिसतं याची नजर बसते, मग आपल्या पंख्याकडेही वेगळं बघता येतं.

डबा परत उघडायचा तो दसऱ्याला नाही, घाई होते. मी कार्तिकात उघडते, तुळशीच्या लग्नानंतर, हवा उतरायला लागते तेव्हा. पहिल्या दिवशी फक्त क्लिपा सोडायच्या, झाकण टेकलेलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोटभर फट. मीटरचा आकडा खोलीच्या आकड्याला येऊन मिळाला की मग कापड उलगडायचं. काड्या मोजायच्या, माझ्या एकवीस, चीर वाढली का ते बघायला तिच्या टोकाशी पट्टी ठेवून दरवर्षी त्याच कोनातून फोटो घ्यायचा, पुढून आणि मागून, आणि वहीत तारीख, आकडा, काय दिसलं ते लिहायचं. मालकीच्या कागदाची झेरॉक्स वहीला चिकटवलेली, मूळ प्रत बँकेत. वहीच्या पहिल्या पानावर मी भाचीचं नाव लिहून ठेवलंय आणि खाली ९० दिवस हे लाल पेनने.